पेटीखालची परसबाग

दिवेलागण झाली की झाडाच्या पानाला हात लावायचा नाही, हे रत्नप्रभाबाईंना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या अंगातच होतं. कढीपत्ता असो की कोथिंबीर, लागेल तेवढी उन्हं असतानाच खुडून ठेवायची. एकदा ऐन तिन्हीसांजेला पाहुणे येऊन टपकले, तेव्हा वरणाला कढीपत्त्याशिवाय फोडणी बसली, पण अंगणातल्या झाडाला त्यांनी झोपेतून उठवलं नाही. पाहुण्यांनी वरण मागून मागून खाल्लं. बाईंना मात्र ते बेचवच लागलं.

अशा बाईच्या घरात, यवतमाळला दारव्हा रोडवर, सुनेसाठी समुद्र येऊन बसला होता.

सून ऋचा वेंगुर्ल्याची. स्थळ सांगून आलं, पोरगी शिकलेली, इथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली, सगळं छान चाललं होतं. मग तिला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात ते मूल गेलंही. त्यानंतर ऋचा बोलेनाशी झाली. रडत नव्हती, चिडत नव्हती. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची आणि पुन्हा गप्प. तिचा नवरा सलीलही त्या काळात गप्पच असे. तो कृषी खात्यात. कापसाची ती वाईट वर्षं होती. त्याला आज राळेगाव, उद्या बाभुळगाव असं फिरावं लागे, आणि ज्या घरातला माणूस गेलाय त्या घरात बसून सगळं लिहून घ्यावं लागे. दोन मुकी माणसं समोरासमोर जेवायला बसली की वाढणाऱ्या बाईचा जीव टांगणीला लागायचा.

एक दिवस सलील नागपूरहून काचेची मोठी पेटी घेऊन आला. त्यात खारं पाणी भरायचं म्हणे, आणि समुद्रातले मासे ठेवायचे. रत्नप्रभाबाईंनी कपाळावर हात मारला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, लाइटीचा पत्ता नाही, जिल्ह्यात माणसं काय अवस्थेत आहेत हे पोरगा रोज डोळ्यांनी बघतोय, आणि यांच्या घरी समुद्र. लोक काय म्हणतील, असं त्या म्हणाल्या. लोक खरंच बोललेही.

मुंबईहून मिठाच्या पिशव्या आल्या त्या दिवशी मानीबाई ओट्यावर बसली होती. मानीबाई बाभुळगावकडच्या बंजारा तांड्यावरची. घरचं दही-तूप घेऊन ती वर्षानुवर्षं या घरी येत होती, आणि दह्यापेक्षा गप्पांना जास्त वेळ देत होती. तिनं पिशवी हलवून बघितली आणि पदरात हसली.

“आमच्या बुढ्यायनं बैलाच्या पाठीवर दर्यावरून मीठ आणलं, बाई. अन् तुमी कुरियरनं आणून राह्यले.”

ऋचानं ते मीठ ड्रममधल्या पाण्यात ढवळलं, बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं. मग सासूला हाक मारली. तितक्या महिन्यांत तिनं आपणहून मारलेली ती पहिली हाक. बाई हातातलं पीठ तसंच घेऊन आल्या. “आई, चाखून बघा. आमच्याकडचं पाणी असं लागतं,” ऋचा म्हणाली. रत्नप्रभाबाईंनी ते खारट थेंब चाखले आणि पेटीवरचा राग तिथल्या तिथे गिळून टाकला.

पेटीत दगड आले, वाळू आली, शंखातले जीव आले, आणि शेवटी दोन केशरी मासे आले, अंगावर पांढरे पट्टे असलेले. मोठी ती मादी आणि छोटा तो नर, हे कळल्यावर रत्नप्रभाबाईंनी त्यांना थोरली आणि धाकटा अशी नावं देऊन टाकली. थोरली धाकट्याला दगडाभोवती पळवायची. मधुसूदनराव, म्हणजे बाईंचे यजमान, ते बघून म्हणायचे की आपल्याच घरातलं चित्र आहे, फक्त पाण्यात आहे.

पेटीच्या खाली, लाकडी कपाटात, आणखी एक पेटी होती. वरचं पाणी नळीनं खाली उतरायचं आणि पंपानं पुन्हा वर जायचं. या खालच्या पेटीत मासे नाहीत. तिथे समुद्री शेवाळ लावायचं होतं. ते कशाला, असं बाईंनी विचारलं. ऋचा म्हणाली, न्हाणीमागे आपण अळू का लावतो? सांडपाणी त्याला जातं, अळू माजतं आणि आपण त्याची पानं काढून खातो. तसंच हे. माशांची घाण पाण्यात विरघळते, शेवाळ ती पिऊन वाढतं, वाढलेलं आपण उपसून टाकायचं, की घाण घराबाहेर गेली. शिवाय त्याच्या आडोशाला सुईच्या टोकाएवढे जीव वाढतात. त्यातला एखादा वर वाहत गेला की माशांना खाऊ. “ही पेटीखालची परसबाग,” ती म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

शेवाळाच्या दोन पिशव्या आल्या होत्या. एकीत ताठ हिरव्या दोऱ्यांचा गुंता होता, थेट भांडी घासायच्या घासणीसारखा. दुसरीतलं शेवाळ बघून मात्र रत्नप्रभाबाई हरखल्या. आडवी देठी, तिच्यावर ओळीनं उभी राहिलेली पिसं, आणि रंग असा की पोपटानं मान खाली घालावी. मधुसूदनराव आयुष्यभर सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची प्रतवारी करत आले होते. हातात काही आलं की अंगठ्यानं ओढून बघायची त्यांना खोड. त्यांनी घासणीतला एक दोरा ओढून पाहिला आणि धागा लांब आहे, मजबूत आहे, असा निकाल दिला. पण त्यांना कोण विचारतो?

“यातलं कोणतं ठेवायचं, आई?” ऋचानं विचारलं.

रत्नप्रभाबाईंनी पिसांच्या पिशवीवर बोट ठेवलं. ऋचा क्षणभर थांबली. मग बरं म्हणाली, आणि घासणीची पिशवी कॉलेजच्या प्रयोगशाळेत देऊन आली.

पेटीनं घर बदललं हे मान्य करायलाच हवं. सलील दौऱ्यावरून आला की बूटही न काढता पेटीसमोर खुर्ची ओढायचा. ऋचा शेजारी येऊन बसायची. आधी मासे, मग पाणी, मग कॉलेज, असं करत दोघं बोलायला लागली. एकदा सलील तिथेच बसून रडला, आणि ऋचानं त्याला रडू दिलं. रत्नप्रभाबाईंनी स्वयंपाकघरातून ते ऐकलं आणि गॅस बारीक केला. त्यानंतर पेटीविरुद्ध त्यांनी एक शब्द काढला नाही.

मग ऋचाला पुन्हा दिवस गेले, आणि या वेळी राहिले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. बाळंतपण माहेरी, हा रिवाज. ऋचा वेंगुर्ल्याला निघाली. निघण्याआधी तिनं सासूला पेटीसमोर बसवून सगळं समजावलं. उन्हाळा तापला की फ्रिजमध्ये गोठवलेली बाटली पाण्यात सोडायची. पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ काही उडून जात नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी पंप चालवायचा. आणि परसबागेतलं शेवाळ दर आठवड्याला मूठ-दोन मुठी काढायचं. “कातरायचं नाही, आई. कापलं की त्याचा रस पाण्यात उतरतो. आडवी देठी धरून मुळासकट ओढायचं. आणि दाट होऊ द्यायचं नाही. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे तेवढं विसरू नका.”

रत्नप्रभाबाई हो म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मनात खोट नव्हती.

ऋचाला जाऊन थोडे दिवस झाले आणि विहीणबाईंचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या की ऋचाला बाळ घेऊन वर्षभर तरी इथेच राहू दे. तिकडे पाणी नाही, लाइट नाही, उन्हाळा तो तसला. सलीलरावांनीही इकडे बदली मागून बघावी. त्या सरळ मनाच्या होत्या, मुलीच्या काळजीनं बोलत होत्या. रत्नप्रभाबाईंनी बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिल्या. विहीणबाईंचा एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर पंचाईत होती. यवतमाळात असं होतं तरी काय, की समुद्राकाठची पोरगी लहान लेकरू घेऊन परत यावी? बघता बघता त्यांची नजर पेटीकडे गेली. थोरली काचेपाशी येऊन त्यांच्याकडे बघत होती. हे आहे, त्यांना वाटलं. हे एवढं आहे. पेटी जिवंत असेल तर ती येईल. पेटी गेली तर तिला इथे यायला काही उरणार नाही.

तेव्हापासून पेटीचं जे कोडकौतुक सुरू झालं, ते विचारू नका. बाटल्या गोठवल्या जात, काच पुसली जात असे, दाणे मोजून टाकले जात. मधुसूदनरावांना थंड पाणी मिळेना, कारण फ्रिजमध्ये माशांच्या बाटल्या. मानीबाईला दह्याच्या मडक्यासकट बाहेरच उभं करायचं, कारण दह्याचा हात पेटीला लागू नये. सगळं झालं. फक्त एक झालं नाही.

परसबागेचा दिवा उलटा होता. वरच्या पेटीत दिवसा उजेड असे. खालचा दिवा टायमरवर, दिवेलागणीला लागायचा आणि सकाळी विझायचा. रात्री पाणी कोंदट होतं, तेव्हा खालची रोपं जागी असली की पाण्याचा श्वास सारखा राहतो, असं ऋचानं सांगितलं होतं. त्यामुळे रत्नप्रभाबाईंची मोठी अडचण झाली. परसबागेत उजेड येई तेव्हा देवाजवळ दिवा लागलेला असे, आणि दिवा लागल्यावर पानाला हात नाही. मग दिवसा काढावं, तर दिवसा खाली अंधार. म्हणजे ती रोपांची रात्र. जे रात्रभर जागलंय त्याला दिवसा झोपेतून ओढायचं? मधुसूदनरावांपुढे त्यांनी हा पेच मांडला. ते म्हणाले, या हिशेबानं रात्रपाळीच्या माणसाचे केस कधी कापायचे? बाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

पण खरी गोष्ट याच्याही खाली होती आणि ती त्यांनी यजमानांनाही सांगितली नाही. एक दिवस निर्धार करून त्यांनी बाही वर केली, हात पाण्यात घातला, आडवी देठी बोटांत धरली. मुळासकट ओढायचं, ऋचानं म्हटलं होतं. घरची सून पोटुशी, एकदा हातातोंडाशी आलेलं गेलेलं, आणि आपण वाढतं रोप मुळासकट उपटायचं? त्यांनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

फोनवर ऋचा दर वेळी विचारायची. “शेवाळ काढता ना, आई?” “हो, काढते.” तिला काळजी नको, म्हणून हे. मग पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा खरं बोलायला तोंड राहत नाही. शिवाय परसबाग काय फोफावली होती. पिसांवर पिसं, काचेला टेकून वर आलेली, मध्ये बोट जाईना. बाईंना ते बघून आनंद व्हायचा. अति तिथे माती ही म्हण त्यांनी शेजारणींना हजारदा ऐकवली असेल. स्वतःच्या पेटीसमोर ती आठवली नाही.

चैत्राच्या शेवटी एका संध्याकाळी वादळ झालं. पाऊस नावालाच, वारं मात्र असं की रस्त्यावरचे कडुलिंब आडवे झाले आणि तारा तुटल्या. लाइट गेली ती गेलीच. सलील दौऱ्यावर, राळेगावला मुक्कामी. ऋचानं सांगितल्याप्रमाणे बाईंनी इन्व्हर्टर फक्त पंपासाठी ठेवला आणि परसबागेचा दिवा बंद केला. पहाटेला इन्व्हर्टरनंही मान टाकली.

सकाळी सडा टाकायच्या आधी त्या पेटीकडे आल्या आणि दारातच थबकल्या. पेटीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं होतं. त्यांनी खालचं कपाट उघडलं. परसबाग होती तिथेच होती, पण तिच्यातला हिरवा रंग निघून गेला होता. पिसं काचेसारखी आरपार, आणि बोट लावलं तर बोटावर नुसता चिकट गाळ. वर थोरली आणि धाकटा पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते.

सलीलचा फोन लागेना. मधुसूदनराव म्हणाले, ऋचाला लाव. बाई नको म्हणाल्या. दिवस भरत आलेत तिचे, अशा बाईला हे सांगायचं? यजमान म्हणाले, मग मासे मेल्यावर सांगणार आहेस का? त्यांचा आवाज चढला नव्हता. बाईंनी नंबर लावला आणि जे दिसत होतं ते सांगितलं.

ऋचा घाबरली नाही. तिनं एकेक गोष्ट विचारली आणि एकेक सांगितली. ड्रममध्ये मिठाचं पाणी तयार आहे ना? ते बादलीत घ्या, मासे अलगद त्यात सोडा. लाइट नाही तर हवेचा पंप चालणार नाही. तांब्यानं पाणी उचलायचं आणि उंचावरून बादलीच्या कडेनं धार सोडायची, थांबायचं नाही. तोवर खालचं सगळं शेवाळ काढून टाका, वरचं निम्मं पाणी उपसा. शेवटी ती म्हणाली, “आणि आई, मध्ये चहा घ्या.”

मानीबाई दही घेऊन आली तर घरभर पाणी. तिनं मडकं ओसरीत ठेवलं, लुगडं खोचलं आणि तांब्या हातात घेतला. ती आणि मधुसूदनराव आळीपाळीनं धार धरत होते. मधुसूदनरावांच्या खांद्याला कळ लागली तरी त्यांनी तांब्या सोडला नाही. रत्नप्रभाबाई दोन्ही हातांनी परसबाग उपसत होत्या. ज्या देठीला इतके दिवस हात लावायचा धीर झाला नाही, ती आता हातात यायच्या आधीच तुटत होती. ओंजळीओंजळीनं तो गाळ त्या घमेल्यात टाकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मायबाई, रडता कायले? जीव आहे, वाचाचा असन तर वाचन,” मानीबाई म्हणाली, आणि धार धरत राहिली.

दुपारी लाइट आली. पण थोरली त्याआधीच आडवी झाली होती. मोठा जीव, त्याला श्वासही मोठा लागतो. धाकटा वाचला. पेटीत नवीन पाणी भरल्यावर तो रिकाम्या दगडाभोवती एकटाच फिरत राहिला.

संध्याकाळी बाईंनी पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांनी काही मागे ठेवलं नाही. एकदाही शेवाळ काढलं नाही, हे सांगितलं. दिवेलागणीचं सांगितलं, आणि मुळासकट ओढायला हात का झाला नाही, तेही सांगितलं. सांगता सांगता त्यांचा सगळा धीर सुटला.

“थोरली गेली गं. माझ्यामुळे गेली. आता तू येशील ना परत?”

“दोन पिशव्या आल्या होत्या, आठवतं?” ऋचा हळू आवाजात म्हणाली. “मला ती घासणी ठेवायची होती. ती कधी असा दगा देत नाही. हे पिसांचं शेवाळ दाट झालं, अंधारात राहिलं, की एका रात्रीत प्यालेलं सगळं परत ओकतं. मला माहीत होतं, आई.”

“मग ठेवलं काहून?”

“त्या पेटीतलं काहीतरी तुम्हाला पहिल्यांदाच आवडलं होतं.”

मग ऋचानंच विषय बदलला. धाकट्याची काळजी करू नका म्हणाली. या माशांमध्ये थोरली गेली की धाकटा वाढतो आणि हळूहळू स्वतःच मादी होतो. जागा रिकामी राहत नाही. मधुसूदनरावांनी हे ऐकलं आणि रात्री जेवताना ते आपल्याच मिशीवरून हात फिरवत, बायकोपासून जरा जपून राहायला हवं असं काहीतरी पुटपुटले. कितीतरी वेळानं बाईंना हसू आलं.

वैशाखात ऋचाला मुलगी झाली. विहीणबाईंनी पुन्हा वर्षभराचं काढलं. रत्नप्रभाबाईंनी या वेळी मन घट्ट करून सांगितलं की जे तिच्या आणि बाळाच्या भल्याचं असेल ते करा. फोन ठेवल्यावर त्या पेटीजवळ गेल्या. खालची परसबाग रिकामी होती, नुसती वाळू. तिचा दिवा मात्र रोज दिवेलागणीला लागत होता, कारण टायमर कसा बंद करायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सव्वा महिना होतो न होतो तोच सलील तिकडे गेला आणि बायको-लेकीला घेऊन धामणगाव स्टेशनवर उतरून घरी आला. बाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ऋचा पेटीकडे गेलीच नाही. तिनं आधी पोरगी सासूच्या हातात दिली, मग न्हाणीत जाऊन पाय धुतले, मग पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढल्या. तिच्या वडिलांनी ओहोटीला खडकांवर जाऊन शेवाळ आणलं होतं. एकीत दोऱ्यांचा गुंता, दुसरीत पिसं.

“यातलं कोणतं ठेवायचं, आई?”

नात मांडीवर होती. रत्नप्रभाबाईंनी दोन्ही बाटल्यांकडे बघितलं. पिसं याही वेळी सुंदर होती.

“तुला कोणतं हवंय?” त्यांनी विचारलं.

“घासणी.”

“मग तीच ठेव. तुझे सासरे म्हणालेच होते, धागा मजबूत आहे म्हणून.”

ऋचानं गुंता पाण्यात सोडला. पाणी सुरू झाल्यावर तो जागच्या जागी सावकाश फिरू लागला. त्याला मूळ नव्हतं, देठी नव्हती. मूठभर ओढून काढलं तरी उपटल्यासारखं काही वाटू नये असंच ते शेवाळ होतं. बाईंच्या हे ध्यानात आलं. ऋचा गुडघ्यावर बसून टायमरची दातेरी चकती फिरवत होती. आता दिवा सकाळी लागेल आणि तिन्हीसांजेला विझेल, ती म्हणाली. रात्रीच्या श्वासाचं काय, असं बाईंनी विचारलं. त्याचं बघू काहीतरी, हवेचा पंप आहे, ऋचा म्हणाली. परसबागेचा दिवस आणि आपला दिवस एकच बरा. सकाळी कढीपत्ता काढाल तेव्हा हेही काढता येईल.

मग ज्या प्रश्नानं त्यांना सगळा उन्हाळा झोपू दिलं नव्हतं, तो त्यांनी विचारलाच.

“पेटीत आता एकच मासा राहिला. त्याच्यासाठी एवढ्या लांब आलीस, लेकरू घेऊन?”

ऋचा चकती फिरवायची थांबली. तिनं मागे वळून सासूकडे बघितलं.

“माशासाठी कोण येतं, आई?” ती म्हणाली, आणि पुन्हा टायमरकडे वळली.

संध्याकाळी रत्नप्रभाबाईंनी देवाजवळ दिवा लावला. त्याच सुमारास कपाटात टक् असा बारीक आवाज झाला आणि परसबागेचा दिवा विझला. नातीला थोपटत बाई त्या अंधारलेल्या पेटीसमोर बसून राहिल्या. परसबागेला आता सकाळपर्यंत कुणी हात लावणार नव्हतं.